सतरावा

चोवीस स्विच. एकाच्या डोक्यावर दुसरा.
वर चाळीस हजार व्होल्ट, तळाला जमीन,
आणि मधल्या कुणालाच जमीन ठाऊक नाही.
सतराव्याला विचारा, शून्य कुठे आहे?
तो आपल्याच पायाखाली बोट दाखवेल.
त्याचं ते शून्य
आमचा जीव घेईल इतकं उंच.

मी उबुकाता हात्सुए. रात्रपाळीची नोंदवही माझ्याकडे.
हाकोदाते, फेब्रुवारी, दोन वाजून दहा मिनिटं.
बर्फ सामुद्रधुनीवरून आडवा येतोय,
खिडकीच्या एकाच बाजूला साचतोय.

प्रत्येक स्विचच्या कुशीत एक ड्रायव्हर,
तळहाताएवढं हिरवं सर्किट.
आज्ञा त्याला उजेडातून मिळते, काचेच्या केसातून.
उजेडाला उंचीची भीती नसते.
पण आज्ञेनं पोट भरत नाही.
पंधरा व्होल्ट, दोन-तीन वॅट,
एका विजेरीची भूक,
आणि तेवढाच घास वर पोचवताना
भल्याभल्यांच्या तोंडाला फेस आलेला मी पाहिलाय.

मिनेगिशी-सान म्हणायचे, ज्याचं त्यानं मिळवावं.
स्विच वीज अडवून धरतो तेव्हा अंगावर दाब असतो,
त्यातलाच चिमूटभर काढायचा,
कपॅसिटरमध्ये टाकायचा, अडीअडचणीला.
खालून तार नको, कुणाचे उपकार नकोत.
अठ्ठावीस वर्षं ते हेच सांगत आले.
फक्त एक खोट होती:
स्विच वाहू लागला की दाब संपतो,
आणि मिळकतही.
म्हणजे कामाला लागला की उपाशी,
अडून बसला तरच जेवण.
(मला माझे थोरले दीर आठवले.
नोंदवहीत तसं लिहिता येत नाही.)

मंगळवारी चोवीसांनाही नेहमीपेक्षा लांब वाहायला लावलं.
सतराव्याचा कपॅसिटर गळका निघाला.
पंधरा. चौदा. साडेबारा.
मी आकडे मोठ्यानं वाचत होते, कुणी मान वर केली नाही.
अकरा.
मग आज्ञा गेली: थांबा.
तो अशक्त, तो सगळ्यांच्या आधी थांबला.
पापणी लवायला लागतो
त्याच्या लाखाव्या हिश्श्याएवढा आधी.
तेवीसजण अजून वाहत होते,
आणि चाळीस हजार
त्या एकट्याच्या छातीवर.

आवाज फार मोठा नव्हता.
बशी तडकावी तसा.

मिनेगिशी-साननी तो तुकडा वर्तमानपत्रात बांधला
आणि घरी नेला. का, ते विचारलं नाही.
बुधवारी आले नाहीत.
गुरुवारी आले ते थेट तोकुहिसाच्या टेबलाशी.
तोकुहिसा सत्तावीस वर्षांचा.
त्यानं शरद ऋतूत एक चित्र काढलं होतं:
एकच जाड तार, सिलिकॉनचं कवच,
चोवीस फेराइटच्या कड्यांमधून जाणारी,
कुणालाही न शिवता.
तारेत जेवढा प्रवाह, तेवढाच प्रत्येक कड्याला दिसतो,
पहिल्याला जास्त नाही, शेवटच्याला कमी नाही.
ते चित्र तेव्हा ड्रॉवरमध्ये गेलं होतं.

"काल धक्क्यावर गेलो होतो," मिनेगिशी-सान म्हणाले.
"भावाची माकूल धरायची होडी बर्फात उभी आहे.
दिव्यांची माळ अजून टांगलेली.
चाळीस वर्षं बघतोय ती."
पुढे काही बोलले नाहीत.
ड्रॉवर उघडला.

शिडीवर ते स्वतःच चढले, गुडघे कुरकुरत असताना.
एकेका कड्यातून तार ओवताना जीभ दातात धरलेली,
सुई ओवणाऱ्या माणसासारखी.
सतराव्यापाशी जरा जास्त वेळ लागला.

आता सगळे वाहताहेत. अकरा मिनिटं झाली.
तोकुहिसा गरम कॉफीचे डबे घेऊन आला, आणि दारातूनच:
"पण ती एक तार तुटली तर?
चोवीसही एकदम उपाशी."

मिनेगिशी-साननी डबा दोन्ही हातांत धरला, उघडला नाही.
"एकदम ना?" ते म्हणाले.
"मग कुणा एकट्यावर पडणार नाही."

मी लिहिलं:
दोन वाजून एकवीस. सतरावा, पंधरा पूर्णांक शून्य.